छर्रा कातडीत जात नाही

आमचं चष्म्याचं दुकान आणि शेजारचं बंदुकांचं दुकान यांच्यामध्ये प्लायवूडची एक भिंत आहे. त्यामुळे देवमनच्या गोष्टी मी वर्षानुवर्षं बसल्या जागी ऐकत आलो. अकोल्यातल्या आमच्या गल्लीत गिऱ्हाईक तसं कमीच, आणि बंदुकांच्या दुकानात त्याहून कमी. परवाना असलेले शेतकरी काडतुसं न्यायला येत, निवडणूक आली की काही जण बंदूक जमा करून जात, बँकेचा एखादा पहारेकरी नळी साफ करून घेई. बाकी सगळा धंदा एअर गनचा. तिला परवाना लागत नाही, आधार कार्डाची झेरॉक्स दिली की मिळते. वांदरांनी हैराण केलेला माणूस ती घेऊन जातो.

ती विकण्यात देवमनचा हात धरणारा दुसरा नव्हता.

हा मूळचा नांदगाव खंडेश्वर तालुक्यातला. घरी शेती, पण भाऊ शेतात रमले आणि हा बारावीनंतर अमरावतीला एका कापड दुकानात लागला. तिथं तो साडी स्वतःच्या खांद्यावर टाकून, पदर काढून, मान वेळावून दाखवायचा आणि बायका तोंडाला रुमाल लावून हसायच्या. बंदुकांच्या दुकानाचे मालक लेकीच्या लग्नाचा बस्ता काढायला तिथं गेले होते. जाताना ते साड्यांबरोबर देवमनलाही घेऊन आले म्हणायला हरकत नाही. "माल कोनाचाई असो, तोंड याचं पायजे," असं ते मला म्हणाले होते.

बंदुकीच्या दुकानात आल्यावर त्याचं तोंड जास्तच सुटलं. मेळघाटाच्या पायथ्याशी ट्रॅक्टरच्या मडगार्डावर उभं राहून त्यानं एका गोळीत रानडुक्कर कसं उलथवलं, ही गोष्ट मी इतक्यांदा ऐकली की तो कुठं थांबणार आणि कुठं आवाज खाली आणणार हे मला पाठ झालं होतं. डुकराचं वजन मात्र दर उन्हाळ्यात वाढायचं. बारा बोअरचा नुसता बार ऐकला की डुकरांचा कळप सहा महिने त्या शिवारात फिरकत नाही, असं तो सांगायचा. नळीत रात्रभर निंबोळीचं तेल ठेवलं तर नेम चुकत नाही, असंही सांगायचा. माणसं माना डोलवायची. हातभट्टीवर बसल्यासारखी दोन-दोन तास बसायची, चहा प्यायची, आणि जाताना काहीतरी घेऊन जायची.

खरं सांगायचं तर देवमननं कधी खरी बंदूक चालवलीच नव्हती. दुकानात काम करणाऱ्याला परवाना थोडाच असतो. एकदा एका जत्रेत फुग्यांवर नेम धरला होता, तोही हुकला, हे त्यानंच मला जेवणाच्या सुट्टीत हसत हसत सांगितलं होतं. "मंग डुकराचं?" मी विचारलं. तो म्हणाला, "अहो, त्याले कोन खरं मानते? लोकाइले बी माहीत असते. मजा येते बस." त्याचा यावर मनापासून विश्वास होता. आपण बोलतो आणि समोरचा ऐकतो हा दोघांनी मिळून खेळलेला खेळ आहे, अशी त्याची समजूत होती.

त्याचा हुकमाचा एक्का म्हणजे मांडीवर गोळी. गिऱ्हाईक कां-कूं करायला लागलं, म्हणजे "घरात लेकरंबाळं आहेत, कोणाला लागली तर?" असं विचारायला लागलं, की देवमन काउंटरखालून लाकडी दस्त्याची एक जुनी एअर गन काढायचा. नळी खाली दुमडून छर्रा भरायचा. स्टुलावर पाय ठेवून पँट मांडीवर घट्ट ओढायचा आणि वीतभरावरून स्वतःच्याच मांडीवर चाप ओढायचा. फट्ट. छर्रा फरशीवर पडून घरंगळायचा. तो वाकून उचलायचा आणि गिऱ्हाइकाच्या तळहातावर ठेवायचा.

"पाहा. छर्रा कातडीत जात नाई. चिमटा काढल्यावानी लागते, बस. वांदराले समजते आन् पयते. कोनाले इजा नाई, पाप नाई."

त्यानंतर नवीन खोक्यातली बंदूक निघायची. ती वेगळी असायची.

देवमनची धाकटी बहीण रूपाली अंजनगाव सुर्जीला दिलेली. जवाई जीवन, सासू माणिकबाई. घरची भाजीपाल्याची आणि फुलांची शेती. कोबी, वांगी, दसऱ्यासाठी झेंडू. त्या साली वांदरांनी त्यांच्या कोबीचा असा विध्वंस केला होता की गड्डे कुरतडून बांधावर ओळीनं टाकलेले दिसायचे. श्रावणात एके दिवशी जीवन सरळ दुकानात आला. मी तेव्हा चहाच्या निमित्तानं तिथंच बसलो होतो. उंच, लाजरा, बोलताना समोरच्याच्या हाताकडे पाहणारा माणूस. मेहुण्याविषयी त्याच्या मनात फार आदर होता. घरात बंदुकीतलं कळणारा माणूस एकच, देवमनभाऊ.

"भाऊ, घरी आई हाय, लेकरू हाय. म्हून इचारतो. धोका तं नाई ना?"

देवमननं जुनी गन काढली. हे जवाई आहेत, गिऱ्हाईक नव्हेत, हा विचार त्याच्या मनात आला असेल असं त्याच्या चेहऱ्यावर तरी दिसलं नाही. पाय स्टुलावर, पँट घट्ट, फट्ट. वाकला, छर्रा उचलला, जीवनच्या हातावर ठेवला. तेच वाक्य, तसंच थांबणं. जीवन त्या छर्ऱ्याकडे कितीतरी वेळ पाहत राहिला आणि मग सुटल्यासारखा हसला. खोकं काखेत मारून तो अकोटकडे जाणाऱ्या बसला धावला.

पोळा झाल्यावरच्या रविवारी सकाळी देवमन माझ्या घरी आला. पायात चप्पल नव्हती. "तुमची गाडी काढता का? अमरावतीले जा लागते," म्हणाला. काय झालं विचारलं तर त्याला सांगता येईना. मग म्हणाला, "जवायाच्या पायात गोळी गेली म्हनतात. फोनवर रूपाली रडून राहिली, काईच समजून नाई राहिलं. आपल्या दुकानातल्याच गननं."

वाटेत मूर्तिजापूर मागे पडलं, बडनेरा आलं, तरी तो एकच गोष्ट बोलत होता. "असं होऊच शकत नाई. कोनी दुसरी बंदूक आनली असन. गावठी असन. एअर गननं असं होत नाई." थोड्या वेळानं तो खिडकीकडे तोंड करून तेच पुन्हा म्हणायचा, जणू शेजारी कोणी गिऱ्हाईक बसलं होतं.

दवाखान्यात जीवनला ऑपरेशनला आत नेलं होतं. बाहेरच्या बाकावर माणिकबाई बसल्या होत्या, लुगड्याला रक्त लागलेलं, आणि त्या ते नखानं खरवडत होत्या. डॉक्टरीण बाई बाहेर आल्या तेव्हा त्यांनी भिंतीवरच्या दिव्यासमोर एक्स-रे धरून दाखवला. मांडीच्या पांढऱ्या हाडाला टेकून एक छोटासा ठिपका होता, घाटदार, कमरेत बारीक. देवमननं तो लगेच ओळखला. असे डबेच्या डबे त्यानं विकले होते.

"हाडापर्यंत गेलाय," बाई म्हणाल्या. "जाता जाता रक्ताची मोठी नळी फाडली आणि पायाला जाणीव देणाऱ्या नसेलाही लागलं. पाय वाचेल असं वाटतं. पण इतक्या जवळून मारली कोणी?"

पलीकडच्या खुर्चीवर बसलेल्या रूपालीनं पदराआडून मोबाइल काढला आणि भावाच्या हातात दिला. "तुलेच पाठवाले हा व्हिडिओ काढला होता," एवढंच म्हणाली.

मी त्याच्या खांद्यावरून पाहिलं. जीवनचं अंगण. ओट्यावर शेजारची माणसं, बाया, वाळत घातलेल्या मिरच्या. जीवन एक पाय ओट्यावर ठेवून उभा. पँट मांडीवर घट्ट ओढलेली. एरवी लाजणारा हा माणूस त्या दिवशी चांगलाच खुलला होता. "पाहा," तो म्हणाला, आणि थांबला. देवमन जिथं थांबतो तिथंच थांबला. "छर्रा कातडीत जात नाई. चिमटा काढल्यावानी लागते, बस." मागून माणिकबाईंचा आवाज आला, "कशाले करतं बापा ते." एक बाई हसली. जीवन म्हणाला, "अवो आई, भाऊनं माया डोयासमोर मारली." आणि चाप ओढला.

आवाज फारसा झाला नाही. जीवन तसाच हसत उभा राहिला. मग तो वाकला आणि जमिनीवर छर्रा शोधायला लागला. उजवीकडे पाहिलं, पायाखाली पाहिलं, ओट्याच्या कडेला हात फिरवला. त्याला तो उचलून लोकांना द्यायचा होता. लोकही त्याच्याबरोबर खाली वाकून शोधू लागले. तेवढ्यात त्याच्या पँटचा रंग बदलला. गुडघ्यापर्यंत, मग पोटरीपर्यंत, भराभर. जीवननं आधी ओट्याला धरलं. पुढं नुसतं आभाळ दिसत होतं आणि रूपालीचा आवाज येत होता.

देवमननं ते पुन्हा लावलं नाही. मोबाइल परत द्यायलाही त्याला सुचेना. तो तिथंच भिंतीला टेकून खाली बसला आणि बराच वेळ स्वतःच्या मांडीवर हात ठेवून राहिला.

मग तो बोलायला लागला, बहिणीकडे न पाहता. ती जुनी गन विकायची नाहीच. तिची स्प्रिंग कधीचीच बसलेली आहे. त्याच्या आधी दुकानात सहदेवकाका म्हणून म्हातारे गृहस्थ होते. त्यांनी जाताना ती त्याच्या हातात दिली आणि सांगितलं, हिच्यात जीव नाही, ही फक्त दाखवायला ठेव. सुरुवातीला मांडीवर मारताना तो डोळे मिटून घ्यायचा. पुढं पुढं सवय झाली.

रूपालीनं सगळं ऐकलं. तिनं त्याच्याकडे पाहिलं, बसमध्ये शेजारी येऊन बसलेल्या अनोळखी माणसाकडे पाहावं तसं. मग उठून सासूजवळ जाऊन बसली.

दुसऱ्या दिवशी जीवन शुद्धीवर आला. पोलीस जमादार जबाब घ्यायला आले होते. जीवननं सांगितलं, "साफ करताना सुटली." देवमन खाटेच्या पायथ्याशी उभा होता, तो मध्येच म्हणाला, "नाई साहेब. मी इकली. मीच सांगतलं होतं का लागत नाई म्हून. मी खोटं बोललो." जमादारांनी पेन थांबवलं आणि एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे पाहिलं.

"पेशंट म्हनते साफ करताना सुटली. तुमी तिथं होते का?"

"नवतो."

"मंग तुमाले काय माहीत," असं म्हणून त्यांनी जबाब पुरा केला आणि जीवनची सही घेतली.

ते गेल्यावर जीवननं मेहुण्याला जवळ बोलावलं. ओठ कोरडे पडले होते. "काहून असं बोलता भाऊ? तुमची काय चुकी? तुमी बरोबरच सांगतलं होतं. मीच नळी लय जवय धरली. तुमी थोडी दूरून मारली होती, मले आता आठवलं."

"जीवनभाऊ, त्या गनमदी जीवच नवता. तिची स्प्रिंग गेलेली हाय. मी लोकाइले फसवत होतो."

"नाई नाई," जीवन म्हणाला आणि हसला. "तुमाले वाईट वाटून राहिलं म्हून तुमी तसं म्हनता. मी काय डोयानं पाह्यलं नाई काय?"

देवमन त्याला समजावत राहिला. स्प्रिंग म्हणजे काय, ती कशी बसते, सगळं सांगितलं. डुक्कर मारलं नाही हेसुद्धा सांगितलं. जीवन मान हलवत राहिला, पाहुण्याचं मन राखायला हलवावी तशी. परतताना गाडीत देवमन मला म्हणाला, "मी त्याले आजवर काईबी सांगतलं, त्यानं सारं मानलं. आज पह्यल्यांदा खरं सांगतलं, तं मानत नाई." तो घाबरलेला दिसत होता. इतकी वर्षं आपल्यासमोर बसून चहा पिणारी ती माणसं घरी जाऊन काय काय करत असतील, हे त्याला त्या गाडीत एकदम दिसू लागलं असावं. मूर्तिजापूरपर्यंत तो गिऱ्हाइकं आठवत होता. तो बाळापूरचा, ज्याला नातवासाठी पाहिजे होती. ती दोन भावांची जोडी. "त्याइनं घरी जाऊन मांडीवर मारली असन का हो?" असं त्यानं मला विचारलं.

अकोल्याला आल्यावर त्यानं पहिलं काम केलं ते जुन्या गनचं. दुकानाच्या मागच्या मोरीत नेऊन तिची नळी दगडावर ठोकून वाकवली. मग बाजारातून एक मोठं लाल कोहळं आणलं, त्याला जुन्या जीनचं कापड गुंडाळलं आणि नवीन बंदुकीनं वीतभरावरून छर्रा मारला. मालक आणि मी पाहत होतो. कापडाला बारीक भोक पडलं, बस. सुरीनं कोहळं कापलं तर छर्रा पार आत, बियांमध्ये रुतून बसला होता. देवमननं तो काढलाच नाही. अर्धं कोहळं तसंच काउंटरवर ठेवलं.

"जो येईन त्याले हे दाखवीन," तो म्हणाला. "मांडीत असाच जाते म्हनून सांगीन."

मालक वैतागले, पण जवायाचं झालेलं ताजं होतं, म्हणून त्यांनी ते राहू दिलं.

दोन दिवसांनी अकोटकडचा एक माणूस आला. केळीचा बाग आहे म्हणाला, वांदरं घड खाली पाडतात. गळ्यात जाड साखळी, हातात गाडीची किल्ली. मी भिंतीपलीकडून ऐकत होतो, मग राहवलं नाही म्हणून गेलो. देवमननं कोहळं पुढं सरकवलं. कापड दाखवलं, भोक दाखवलं, आतला छर्रा दाखवला. आपल्या जवायाचं काय झालं तेही सांगितलं. त्याच्या बोलण्यात आता थांबणं-बिंबणं काही नव्हतं, शाळेत धडा वाचल्यासारखं सरळ सांगितलं.

त्या माणसानं बोट भोकात घातलं. आत छर्ऱ्याला नख लागेपर्यंत घातलं.

"म्हंजे वांदर मरते?"

"मरन. आन् तुमी जेलात जासान. वांदर माराले कायद्यानं बंदी हाय."

"पाहाले कोन येते तिथं?" तो हसला. "अन् मानूस? समजा कोनी चोर बागेत शिरला?"

देवमनला क्षणभर प्रश्न समजलाच नाही. समजला तेव्हा त्यानं कोहळं स्वतःकडे ओढून घेतलं.

"मी तुमाले भेव वाटावं म्हून दाखवलं हो."

"भेव कायचं? मले वाटलं हे खेळणंच अशीन. आता समजलं भारी चीज हाय. द्या, दोन द्या." देवमननं खोक्याला हात लावला नाही, तेव्हा मालकच उठले आणि दोन खोकी काढून दिली. आधार कार्डाची झेरॉक्स घेतली. सगळं रीतसर. तो माणूस जाताना देवमनच्या पाठीवर थाप मारून गेला. "तुमी मस्त समजावून सांगता राव."

देवमनचा चेहरा मी त्याआधी तसा कधी पाहिला नव्हता, दवाखान्यातसुद्धा नाही. खोटं बोलून बंदूक विकली गेली होती हे त्याला समजलं होतं, ते त्यानं पदरात घेतलं होतं. खरं बोलल्यावर ती दुप्पट जाईल हे त्याच्या डोक्यात कुठं बसेना. मालक खुशीत म्हणाले, "पाह्य, कोहयाची आयडिया चांगली हाय. उद्या ताजं आन." देवमननं ते कोहळं उचललं, गल्लीच्या तोंडाशी उभ्या असलेल्या गाईला घातलं, आतला छर्रा आठवून पुन्हा धावत जाऊन तिच्या तोंडातून ओढून काढलं, आणि नळाखाली हात धुऊन घरी गेला. दुसऱ्या दिवसापासून तो आला नाही.

तो अंजनगावला गेला. दसरा तोंडावर होता, झेंडू तोडायला आला होता आणि जीवन खाटेवर. कोणी बोलावलं नव्हतं. पहाटे फुलं तोडायची, कॅरेट भरायची, गाडीत चढवायची. कोबीला त्यानं जाळी लावली, खांब स्वतः रोवले. वांदरं जाळीवर बसून त्याच्याकडे पाहायची. रूपाली जेवायला वाढायची, पाणी द्यायची, पण त्याच्याशी एक शब्द बोलत नव्हती. हे मला तोच फोनवर सांगायचा, तक्रार म्हणून नाही.

दिवाळीनंतर अमरावतीला एका लग्नाला गेलो होतो, तिथून त्याला भेटायला अंजनगावला गेलो. जीवन चालायला लागला होता, डावा पाय जरा ओढत. आम्ही बांधावर बसलो. जीवन मोबाइलवर कोणा व्यापाऱ्याशी दराबद्दल हुज्जत घालत येरझाऱ्या घालत होता. देवमन एकदम उठला आणि त्याच्यापुढं जाऊन खाली बसला. जीवनच्या डाव्या पायाच्या चपलेतून बाभळीचा एक लांब काटा वर आला होता. चपलेच्या तळातून तळव्यात, आणि तळव्यातून वर बोटांजवळ त्याचं टोक दिसत होतं. रक्त येऊन वाळलंही होतं. सकाळपासून तो त्या काट्यावर चालत असावा.

जीवन बोलतच होता. "नाई शेठ, त्या भावात नाई जमत." देवमननं त्याचा पाय हातात धरला, चप्पल आणि काटा दोन्ही हळू ओढून काढले. जीवननं खालीसुद्धा पाहिलं नाही. फोन ठेवल्यावर त्याला समजलं. "अरे, कवा घुसला?" म्हणाला, आणि पायाकडे दुसऱ्याच्या पायाकडे पाहावं तसं पाहिलं.

रूपाली वांग्याच्या वाफ्यातून हे पाहत होती. ती घरी जाऊन गरम पाणी आणि हळद घेऊन आली. जखम धुतली, फडकं बांधलं. जीवन खाटेकडे गेला. ती तिथंच, भावासमोर, उकिडवी बसून राहिली. काटा अजून देवमनच्या हातात होता.

"नवी गन लागते हे तुले माहीत होतं?" तिनं विचारलं. कितीतरी आठवड्यांनी ती त्याच्याशी बोलत होती.

मी उठून जायला निघालो तर त्यानं हातानंच बस म्हणून सांगितलं.

"माहीत होतं," तो म्हणाला. "पह्यले माहीत होतं. मंग बोलून बोलून इसरलो. जीवन आला तवा मले खरंच वाटून राहिलं होतं का लागत नाई म्हून."

रूपालीनं पाण्याचं भांडं उचललं. ती रागावेल, रडेल, असं मला वाटलं. ती उभी राहिली आणि शेताच्या टोकाकडे पाहत म्हणाली, "वांगी तोडाची हायत अजून तिकडची. हात धू पह्यले, हयद लागली हाय." देवमननं काटा बांधापलीकडे दूर फेकला, हात धुतले आणि टोपली घेऊन तिच्यामागं निघाला.